दत्तक पालकत्व आणि नोकरीतील रजा : न्याय्य तरतुदीची आवश्यकता

सारांश :
भारतीय कायद्याने दत्तक मुलाला औरस मुलाइतकेच हक्क दिले आहेत. मात्र त्या मुलाला घरात रुजण्यासाठी पालकांचा जो वेळ लागतो, त्याबाबत नोकरीविषयक कायदा दीर्घकाळ उदासीन राहिला. रजेचा आधार केवळ प्रसूती मानल्यामुळे दत्तक मातेला कमी रजा, मोठ्या वयाच्या मुलाच्या मातेला रजेस नकार आणि दत्तक पित्याकडे जवळजवळ पूर्ण दुर्लक्ष, अशी स्थिती निर्माण झाली. प्रस्तुत लेखात या तरतुदींचा परामर्श घेऊन रजेचा आधार 'मुलाचे संगोपन' हा असावा, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : दत्तक रजा, प्रसूती लाभ, दत्तकपूर्व संगोपन, सामाजिक सुरक्षा संहिता, पितृत्व रजा.

प्रस्तावना :
मूल दत्तक घेणे हा आज केवळ खासगी कौटुंबिक निर्णय राहिलेला नाही. अनाथ, परित्यक्त व स्वेच्छेने सुपूर्द केलेल्या बालकांना कुटुंब मिळवून देणे हे शासनाने आपले कर्तव्य मानले असून त्यासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण म्हणजेच 'कारा' ही स्वतंत्र यंत्रणा कार्यरत आहे. २०२४-२५ या वर्षात या यंत्रणेमार्फत देशांतर्गत व आंतरदेशीय मिळून ४,५१५ दत्तकविधाने झाली. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने ही संख्या लहान आहे. तथापि यांतील प्रत्येक प्रकरणामागे संस्थेतून घरात येणारे एक मूल असते आणि ते घरात आल्यानंतरचे पहिले काही महिने त्याच्या पुढील आयुष्याचा पाया घालणारे असतात.

आज पती व पत्नी दोघेही नोकरी करणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. एकल स्त्रिया व पुरुषही दत्तक घेण्यास पुढे येत आहेत. अशा वेळी मूल घरी आल्यावर त्याच्याजवळ कोण राहणार, किती दिवस राहणार आणि त्या काळात वेतनाचे काय, हे प्रश्न टाळता येत नाहीत. एकीकडे शासन नागरिकांना दत्तक घेण्याचे आवाहन करते आणि दुसरीकडे मूल घरी आल्यानंतर पालकाला आठवडाभरात कामावर हजर व्हावे लागते, ही विसंगती आहे. या विसंगतीची किंमत शेवटी मूल मोजते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :
दत्तक पालकांच्या रजेसंबंधीच्या भारतातील तरतुदी समजून घेणे, त्या तरतुदींची प्रत्यक्ष दत्तक प्रक्रियेशी तुलना करणे आणि न्याय्य रजेसाठी उपाय सुचवणे ही प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे आहेत. लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा असून त्यासाठी अधिनियम, नियम व न्यायनिर्णय यांचा आधार घेतला आहे.

१. दत्तक संकल्पनेतील बदल :
महाराष्ट्राला दत्तकाची परंपरा नवी नाही. वंश व गादी चालू राहावी, पिंडदान व्हावे, वतन व मालमत्तेला वारस मिळावा, हे पारंपरिक दत्तकविधानाचे हेतू होते. दत्तक वारस नामंजूर करून लॉर्ड डलहौसीने १८४८ मध्ये सातारा व १८५४ मध्ये झाशी खालसा केली, हा इतिहास सर्वपरिचित आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये दत्तक गेले तेव्हा बारा वर्षांचे होते, तर कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक जाऊन शाहू महाराज झाले तेव्हा त्यांचे वय नऊ वर्षांचे होते. म्हणजेच मोठ्या वयाचे मूल दत्तक घेणे हे मराठी समाजाला अपरिचित नव्हते.

स्वातंत्र्यानंतर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ ने या परंपरेला वैधानिक चौकट दिली. पुढे लक्ष्मीकांत पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये आंतरदेशीय दत्तकाबाबत मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि 'पालकांना वारस' याऐवजी 'मुलाला कुटुंब' हा विचार केंद्रस्थानी येऊ लागला. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ मध्ये हा विचार पूर्णत्वास गेला. कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला या कायद्याखाली मूल दत्तक घेता येते. दत्तक आदेशाच्या दिवसापासून ते मूल जणू त्या पालकांच्याच पोटी जन्मले आहे, असे हा कायदा सर्व प्रयोजनांसाठी मानतो. 'सर्व प्रयोजनांसाठी' हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. मालमत्तेच्या वाटणीत जे मूल पोटचे मानले जाते, ते रजेच्या अर्जात परके का ठरावे, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. रजेच्या तरतुदींचा प्रवास :
प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ च्या मूळ मसुद्यात दत्तक मातेचा उल्लेख नव्हता. कायद्याचे स्वरूप बाळंतिणीला विश्रांती व वेतन देण्याचे होते आणि त्या काळाच्या दृष्टीने ते स्वाभाविक होते. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली आणि दत्तक माता व सरोगसीद्वारे अपत्य प्राप्त करणारी माता यांचा कायद्यात प्रथमच समावेश झाला. १ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या तरतुदीनुसार तीन महिन्यांपेक्षा कमी वयाचे मूल कायदेशीररीत्या दत्तक घेणाऱ्या स्त्रीला मूल सुपूर्द केल्याच्या दिवसापासून १२ आठवड्यांचा लाभ देण्यात आला. दत्तक मातृत्वाची कायद्याने दखल घेतली, हे या दुरुस्तीचे श्रेय आहे. परंतु त्याच वाक्यात दोन मर्यादाही आल्या. पहिली मुलाच्या वयाची, तर दुसरी रजेच्या कालावधीची. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या कलम ६० मध्ये ही तरतूद त्याच शब्दांत पुन्हा लिहिली गेली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि १९६१ च्या अधिनियमाची जागा तिने घेतली.

केंद्र शासनाच्या सेवेतील स्त्रियांसाठी मार्ग निराळा राहिला. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ अन्वये दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असलेल्या महिला कर्मचाऱ्याला एक वर्षाखालील मूल दत्तक घेतल्यास १८० दिवसांची बालदत्तक रजा आणि पुरुष कर्मचाऱ्याला अशाच दत्तकविधानानंतर सहा महिन्यांच्या आत १५ दिवसांची पितृत्व रजा देण्याची व्यवस्था करण्यात आली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनीही अध्यापकांच्या दत्तक रजेसाठी केंद्र शासनाच्या नियमांकडे बोट दाखवले.

या दोन व्यवस्था शेजारी ठेवल्या असता विषमता सहज लक्षात येते. आठ महिन्यांचे मूल घरी आणणाऱ्या दोन स्त्रियांपैकी एक केंद्र शासनाच्या कार्यालयात आणि दुसरी खासगी कारखान्यात असेल, तर २०१७ च्या शब्दरचनेप्रमाणे पहिलीला १८० दिवस आणि दुसरीला शून्य दिवस मिळत. मूल तेच, गरज तीच. केवळ आईच्या नेमणूकपत्रावरील मालकाचे नाव वेगळे.

३. तीन महिन्यांची अट आणि दत्तक प्रक्रियेचे गणित :
वयाची ही अट किती अव्यवहार्य होती, हे समजण्यासाठी मूल दत्तक कसे दिले जाते ते पाहणे आवश्यक आहे.

आई किंवा पालक मूल बालकल्याण समितीपुढे स्वेच्छेने सुपूर्द करतात तेव्हा त्यांना निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी दोन महिन्यांची मुदत असते. ही मुदत मुलाच्या व जन्मदात्या आईच्या हिताची असून ती कमी करणे इष्ट नाही. परित्यक्त मुलाच्या बाबतीत पालकांचा शोध व चौकशी करावी लागते. दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त घोषित करण्यास समितीला दोन महिन्यांपर्यंत आणि त्याहून मोठ्या मुलासाठी चार महिन्यांपर्यंतचा अवधी असतो. त्यानंतर मुलाची वैद्यकीय तपासणी व अहवाल तयार होऊन ते 'केअरिंग्ज' या संगणकीय प्रणालीवर नोंदवले जाते. प्रतीक्षायादीतील पालकांना मुलाची माहिती दाखवली जाते, त्यांनी ४८ तासांत मूल राखून ठेवायचे असते आणि जुळणीची प्रक्रिया ३० दिवसांत पूर्ण व्हावी असे अपेक्षित असते. त्यानंतर मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी पालकांच्या घरी जाते आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश त्यापुढे होतो.

जन्मानंतर पाचव्या दिवशी सुपूर्द केलेले बाळ घेतले, तरी फेरविचाराची मुदत संपताना ते ६५ दिवसांचे झालेले असते. त्यात मुक्त घोषणा, नोंदणी व जुळणी यांचे दिवस मिळवले की ९० दिवसांची सीमा बहुधा ओलांडली जाते. म्हणजे एका कायद्याने घातलेली आवश्यक मुदत पाळली की दुसऱ्या कायद्याने दिलेला लाभ हातचा जातो, अशी ही रचना होती. हक्क कागदावर दिला गेला. तो मिळण्याची वाट मात्र अगोदरच बंद होती.

आणखी एक विसंगती पालकांच्या वयाशी निगडित आहे. दत्तक विनियम, २०२२ नुसार दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असल्यास जोडप्याचे एकत्रित वय ८५ पेक्षा अधिक असता कामा नये. एकल पालकासाठी ही मर्यादा ४० आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९० व ४५, चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी १०० व ५०, तर आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी ११० व ५५ अशा मर्यादा आहेत. ४३ वर्षांच्या पती-पत्नीला दोन वर्षांखालील मूल मिळूच शकत नाही. त्यांना शासनाची एक यंत्रणा सांगते की मोठे मूल घ्या. रजेचा कायदा मात्र म्हणत होता की मोठ्या मुलासाठी रजा नाही.

४. बारा आठवडे की सव्वीस आठवडे :
वयाची अट दूर होणे आणि न्याय्य रजा मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वयाची अडचण नसली, तरी दत्तक मातेला १२ व जन्मदात्या मातेला २६ आठवडे हा फरक उरतोच. त्याच्या समर्थनार्थ दिले जाणारे कारण असे, की जन्मदात्या मातेच्या शरीराला प्रसूतीनंतर विश्रांतीची गरज असते. हे कारण खरे आहे आणि त्याचा आदर केला पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते २६ आणि १२ यांमधील १४ आठवड्यांच्या फरकाचे समर्थन करते काय.

याचे उत्तर कायद्याच्याच आकड्यांत शोधता येते. प्रसूतीनंतरचे सहा आठवडे स्त्रीला कामावर ठेवण्यास मालकाला मनाई आहे. गर्भपात झाल्यासही सहा आठवड्यांची रजा दिली जाते. यावरून निव्वळ शारीरिक विश्रांतीचा किमान काळ कायद्याने सहा आठवडे गृहीत धरला आहे, असे म्हणता येईल. २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. हे आठ व विश्रांतीचे सहा आठवडे वजा केले, तर १२ आठवडे उरतात आणि तेवढेच दत्तक मातेला दिले आहेत, असा युक्तिवाद करता येईल. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो.

परंतु त्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी, की प्रसूतीपूर्व आठ आठवडे ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. अनेक स्त्रिया प्रकृती साथ देईल तोवर काम करून रजा बाळासाठी राखून ठेवतात. दुसरी अशी, की विश्रांतीचे सहा आठवडे आई बाळापासून दूर काढत नाही. बाळ तिच्या कुशीतच असते. त्यामुळे पूर्ण रजा घेणाऱ्या जन्मदात्या मातेच्या बाळाला तिचा किमान १८ व कमाल २६ आठवड्यांचा सहवास मिळतो. दत्तक मुलाला मात्र १२ आठवडेच मिळतात. आईच्या बाजूने पाहिले तर फरक समजण्यासारखा वाटतो. मुलाच्या बाजूने पाहिले तर तो अन्यायकारक ठरतो.

शिवाय दत्तक पालकांनाही एक 'पूर्वकाळ' असतो. गृहभेट व चौकशी, कागदपत्रांची पूर्तता, मुलाला भेटण्यासाठी कधी परराज्यातील संस्थेपर्यंतचा प्रवास आणि दत्तक आदेशासाठीची सुनावणी यांसाठी अनेक दिवस लागतात. या दिवसांसाठी कोणतीही स्वतंत्र रजा कायद्यात नाही. पालक आपली अर्जित रजा त्यासाठी खर्च करतात आणि मूल घरी येते तेव्हा त्यांच्या खात्यावर रजा शिल्लक नसते.

५. मोठे मूल, मोठी गरज :
मूल जितके लहान तितकी त्याला आईची अधिक गरज, अशी समजूत वयाच्या अटीच्या मुळाशी दिसते. जन्मलेल्या घरातच वाढणाऱ्या मुलापुरती ती बरीचशी खरी आहे. संस्थेतून घरात येणाऱ्या मुलाला मात्र ती जशीच्या तशी लागू करता येत नाही.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात आईच्या किंवा आईसमान व्यक्तीच्या स्थिर सहवासावाचून वाढणाऱ्या मुलांच्या मानसिक हानीकडे लक्ष वेधले होते. रुमानियातील बुखारेस्ट येथे २००० च्या सुमारास सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांमधील १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना संगोपन-कुटुंबांत ठेवण्यात आले. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स व चार्ल्स झीना यांच्या या प्रकल्पात कुटुंबात गेलेल्या मुलांची भावनिक व बौद्धिक प्रगती संस्थेतील मुलांपेक्षा चांगली आढळली आणि विशेषतः दोन वर्षांच्या आत कुटुंब मिळालेल्या मुलांत ती अधिक दिसली. यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. मूल लवकर कुटुंबात जावे, ही पहिली. ज्याला उशीर झाला त्याची झीज भरून काढण्यास अधिक काळ व अधिक लक्ष लागते, ही दुसरी. रजेच्या तरतुदीत पहिल्या गोष्टीचा अर्धवट विचार झाला आणि दुसरीचा विसर पडला.

पाच वर्षांच्या मुलाचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. देशभरातील मुलांची एकत्रित नोंद होत असल्याने मराठी घरात ओडिया किंवा हिंदी बोलणारे मूल येऊ शकते. त्याला घरातील भाषा येत नाही, जेवणाची चव अनोळखी असते, रात्री एकट्याने झोपण्याची सवय नसते. संस्थेत त्याला सांभाळणाऱ्या मावश्या व सोबतची मुले एका दिवसात दुरावलेली असतात. आपल्याला येथूनही परत पाठवतील काय, ही भीती ते बोलून दाखवत नाही. ती हट्टातून, अबोल्यातून किंवा ताटातले अन्न लपवून ठेवण्यातून प्रकट होते. त्याच काळात शाळाप्रवेश, लसीकरणाची पूर्तता, दात व डोळ्यांची तपासणी हेही करावयाचे असते. अशा मुलाला दुसऱ्याच आठवड्यात पाळणाघरात सोडून कामावर जाणे म्हणजे त्याच्या मनातील भीती खरी करून दाखवणे होय.

दत्तक विनियमांत दत्तकविधान मध्येच विस्कटण्याच्या शक्यतेची दखल घेतलेली आहे. मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी दिल्यापासून दोन वर्षे दर सहा महिन्यांनी पाठपुरावा करण्याची तरतूदही आहे. म्हणजे आरंभीचा काळ नाजूक असतो, हे शासनाला मान्य आहे. मग त्या काळात पालकाने घरी असावे, यासाठीची तरतूद नोकरीच्या नियमांत असणे क्रमप्राप्त ठरते.

६. पित्याचे स्थान :
प्रसूतीच्या बाबतीत माता व पिता यांच्या भूमिका निसर्गतः भिन्न आहेत. दत्तकविधानात मात्र दोघेही मुलाच्या दृष्टीने सारखेच नवे असतात. तरीही रजेचे कायदे केवळ मातेचा विचार करतात. खासगी क्षेत्रातील पित्यासाठी केंद्रीय कायद्यात पितृत्व रजेची तरतूद नाही. हिंगोलीचे तत्कालीन खासदार राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभ विधेयक खासगी सदस्य विधेयक म्हणून मांडले होते. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

यात सर्वाधिक कोंडी एकल दत्तक पित्याची होते. बाल न्याय कायद्याखाली एकल पुरुषाला मुलगा दत्तक घेता येतो. त्याच्या घरी रजा घेणारी माता नाही आणि त्याला स्वतःला रजा नाही. केंद्र शासनाने २०१८ मध्ये एकल पुरुष कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवाकालात ७३० दिवसांपर्यंतची बालसंगोपन रजा लागू केली, हे स्वागतार्ह पाऊल आहे. संगोपन हे केवळ स्त्रीचे काम नाही, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. ते तत्त्व शासकीय सेवेच्या बाहेरही पोहोचणे गरजेचे आहे. केवळ मातेलाच रजा दिल्याने स्त्रीला नोकरी देताना मालक कचरतात, हा दुष्परिणामही रजा दोघांमध्ये विभागल्यास कमी होईल.

७. न्यायालयांची भूमिका :
भारतीय न्यायालयांनी मातृत्वाचा अर्थ हळूहळू विस्तारला आहे. २०१३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने चेन्नई बंदरातील एका महिला कर्मचाऱ्याला सरोगसीद्वारे झालेल्या अपत्यासाठी रजा मान्य केली, ती दत्तक मातेसाठीच्या नियमाचा आधार घेऊन. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने व मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही सरोगसीद्वारे माता झालेल्या स्त्रियांचा प्रसूती रजेचा हक्क मान्य केला. दीपिका सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रूढ चौकटीबाहेरील कुटुंबांनाही कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे, असे स्पष्ट केले. छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये नवजात मुलगी दत्तक घेतलेल्या व केवळ ८४ दिवसांची रजा मंजूर झालेल्या एका महिलेला १८० दिवसांच्या रजेस पात्र ठरवले.

तीन महिन्यांच्या अटीला कर्नाटकातील एका दत्तक मातेने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. समानतेचा अनुच्छेद १४ व जीविताच्या हक्काचा अनुच्छेद २१ हे या आव्हानाचे आधार होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने या अटीमागील तर्क काय, असे केंद्र शासनाला विचारले. हा प्रश्न विचारला जाणे हीच महत्त्वाची गोष्ट होती. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये कामाच्या न्याय्य व मानवीय परिस्थितीची आणि अनुच्छेद ३९ मध्ये बालकांच्या निकोप विकासाची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. दत्तक रजेचा प्रश्न या दोन्ही अनुच्छेदांच्या संगमावर उभा आहे.

८. इतर देशांतील अनुभव :
आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षणविषयक शिफारस क्र. १९१ मध्ये जेथे दत्तकाची कायदेशीर व्यवस्था आहे तेथे दत्तक पालकांना रजा, लाभ व नोकरीचे संरक्षण मिळावे, असे सुचवले आहे. येथे 'माता' असा शब्द न योजता 'पालक' असा योजला आहे, हे लक्षणीय आहे.

ब्रिटनमध्ये २००३ पासून वैधानिक दत्तक रजा असून पात्र कर्मचाऱ्याला ५२ आठवड्यांची रजा व त्यांपैकी ३९ आठवड्यांपर्यंत वैधानिक वेतन मिळते. जोडप्यातील कोणीही एक ही रजा घेऊ शकतो. दक्षिण आफ्रिकेत २०२० पासून दोन वर्षांखालील मूल दत्तक घेणाऱ्या पालकाला दहा आठवड्यांची रजा देण्यात आली. तेथील घटनात्मक न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये जन्मदाते व दत्तक पालक यांच्यातील भेद आणि दोन वर्षांची वयोमर्यादाही घटनाबाह्य ठरवून संसदेला दुरुस्तीसाठी ३६ महिन्यांचा अवधी दिला. वयाची मर्यादा हा केवळ भारतीय प्रश्न नाही आणि तो सुटू शकतो, हे या उदाहरणांवरून दिसते.

९. खर्चाचा प्रश्न :
दत्तक रजेला होणारा विरोध बहुधा तत्त्वाचा नसून खर्चाचा असतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगार स्त्रीचा लाभ विमा निधीतून दिला जातो. इतर ठिकाणी मात्र वेतनाचा संपूर्ण भार त्या एका मालकावर पडतो. पंधरा-वीस कर्मचाऱ्यांच्या लहान आस्थापनेला तो जड जातो, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मातृत्व संरक्षण करार क्र. १८३ चे तत्त्वही असेच आहे, की अशा लाभाचा थेट भार एकट्या मालकावर सामान्यतः पडू नये. त्यामुळे रजा नाकारणे हा यावरील उपाय नसून तिचा भार शासन, मालक व कर्मचारी यांच्या सामाईक निधीवर टाकणे हा उपाय आहे. शिवाय वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास दत्तकविधाने होणाऱ्या देशात हा एकूण भार फार मोठा असू शकत नाही. नोकरी न करणारे पालक त्यातून वगळले, तर तो आणखी कमी होतो.

१०. शिफारशी :
वरील विवेचनाच्या आधारे पुढील उपाय सुचवता येतील.

(१) दत्तक रजेसाठी मुलाच्या वयाचा निकष नसावा. अठरा वर्षांखालील कोणत्याही कायदेशीर दत्तक मुलासाठी रजा मिळावी.
(२) रजेची गणना दत्तक आदेशाच्या तारखेपासून न करता मूल दत्तकपूर्व संगोपनासाठी घरी आल्याच्या दिवसापासून व्हावी.
(३) रजेचा कालावधी २६ आठवड्यांचा असावा. ते तातडीने शक्य नसल्यास किमान १८ आठवडे असावा, म्हणजे जन्मदात्या मातेच्या मुलाला मिळणाऱ्या किमान सहवासाइतका तरी काळ दत्तक मुलाला मिळेल.
(४) ही रजा पालकांपैकी कोणालाही घेता यावी व दोघांत वाटून घेता यावी. एकल पित्याला ती पूर्ण मिळावी. त्याशिवाय दुसऱ्या पालकाला स्वतंत्र अल्पमुदतीची सवेतन रजा असावी.
(५) गृहभेट, मुलाची भेट व सुनावणी यांसाठी काही दिवसांची सवेतन रजा असावी.
(६) भावंडे किंवा विशेष गरजा असलेले मूल दत्तक घेतल्यास जादा रजा मिळावी.
(७) दत्तकासंबंधीची माहिती आस्थापनेने गोपनीय ठेवावी आणि रजेच्या काळात नोकरी व ज्येष्ठता अबाधित राहावी.
(८) कायदा ही किमान मर्यादा असते. त्याहून अधिक देण्यास मालकाला मनाई नाही. म्हणून कायदेबदलाची वाट न पाहता महाविद्यालये, सहकारी बँका, कारखाने व कंपन्यांनी आपल्या सेवानियमांत दत्तक रजेचा स्वतंत्र नियम समाविष्ट करावा. सेवानियमांत स्पष्ट शब्द असल्यास दत्तक पालकाला प्रत्येक वेळी वरिष्ठांच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागणार नाही.

निष्कर्ष :
प्रसूती रजेचा कायदा ज्या काळात झाला त्या काळात मातृत्व व प्रसूती हे शब्द जवळजवळ समानार्थी होते. आज ते तसे राहिलेले नाहीत. दत्तक कायद्याने मूल कुटुंबाचा पूर्ण घटक मानले. नोकरीच्या कायद्याने मात्र त्याचे वय मोजले. न्याय्य दत्तक रजा ही दत्तक पालकांना दिलेली सवलत नाही, तसेच जन्मदात्या मातांच्या हक्कातील वाटाही नाही. आयुष्याची सुरुवात कुटुंबाविना करावी लागलेल्या मुलाला उशिराने का होईना, पण पुरेसा मिळालेला तो सहवास आहे. मूल कोणत्या मार्गाने घरात आले यापेक्षा ते घरात आले त्या दिवशी त्याच्याजवळ कोणी होते की नाही, हा निकष कायद्याने व प्रत्येक आस्थापनेने स्वीकारणे आवश्यक आहे.